लिअर राजाची वांटणी
(सोलापूर येथील एका वाचनालयांत झालेलें भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून दाराशीं उभे असलेले दोघेजण मागच्या मागें परत गेले, हें मीं पाहिलें. विलायतेचा राजा, चारशें वर्षांपूर्वींचें नाटक, आणि सांगणार कोण, तर यंत्रमागावर तीस वर्षें जॉबरकी केलेला माणूस! त्या दोघांना मी दोष देत नाहीं. दिवसभर राबून आलेल्या माणसानें परक्या राजाचें रडगाणें कां ऐकावें? परंतु जे बसलां आहां त्यांना एवढेंच सांगतों कीं, ह्या नाटकाच्या आरंभीं जें घडतें तें मोहोळ, माढा, बार्शी, अक्कलकोट, कोणत्याहि तालुक्यांत दरसाल घडत असतें. एक म्हातारा हयातींतच आपली जमीन पोरांना वांटून देतो. पुढें काय होतें तें तुम्हांला ठाऊक आहे. तरी पण ऐका.

नाटकाचें नांव 'किंग लिअर'. लिहिणारा विल्यम शेक्सपिअर. ह्या माणसाला पंडितांनीं इतक्या उंच माडीवर नेऊन बसविलें आहे कीं, खालून आपल्याला त्याचे पायसुद्धां दिसूं नयेत. वास्तविक तो हातमोजे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कातडें कमवावें, कापावें, शिवावें, हा बापाचा धंदा. मुलानें विद्यापीठाचें तोंड पाहिलें नाहीं. नाटकमंडळींत नट म्हणून, लेखक म्हणून आणि भागीदार म्हणून त्यानें चार पैसे गांठीं बांधले आणि १६०२ सालीं आपल्या गांवाजवळ १०७ एकर जमीन विकत घेतली. म्हणजे बांध काय, खरेदीखत काय, हें त्याला आपल्याइतकेंच कळत होतें. त्यानंतर तीन-चार वर्षांनीं त्यानें हें नाटक लिहिलें आणि १६०६ च्या २६ डिसेंबरला तें जेम्स राजापुढें झालें. स्वतःच्या राहत्या घराची व्यवस्था मात्र त्यानें १६१६ सालीं, मरणाच्या वर्षीं, मृत्युपत्रांत केली. शहाणा होता!

आतां लिअरकडे वळूं. हा ब्रिटनचा राजा, वय ऐंशीच्या वर. तीन मुली: गॉनेरिल, रीगन आणि धाकटी कॉर्डेलिया. एके दिवशीं दरबार भरवून त्यानें राज्याचा नकाशा पसरला आणि सांगितलें कीं, आतां मी कामांतून मोकळा होणार. जिचें माझ्यावर प्रेम अधिक तिला वांटा मोठा. थोरल्या दोघींनीं तोंड भरून स्तुति केली. एक बोलली कीं डोळ्यांपेक्षां प्रिय, दुसरी त्याच्याहि वर चढली. लिअर खूष. धाकटी म्हणाली कीं, मला सांगण्याजोगें कांहीं नाहीं. मुलीनें बापावर जेवढें करावें तेवढें प्रेम मी करतें, आणि लग्न झालें म्हणजे त्यांतलें निम्में नवऱ्याला द्यावें लागेल. भरल्या दरबारांत हें ऐकून म्हाताऱ्याचें डोकें फिरलें. तिचा वांटा गेला. मध्यें पडणाऱ्या केंट नांवाच्या जुन्या इमानी सरदाराला त्यानें देशाबाहेर घालविलें. फ्रान्सच्या राजानें हुंड्यावांचून त्या मुलीला पत्करली आणि ती गेली.

राज्य थोरल्या दोघींत आणि त्यांच्या नवऱ्यांत निम्में निम्में झालें. लिअरनें स्वतःकडे काय ठेवलें? राजा हें नांव, तैनातीला शंभर सरदार, आणि एक महिना एकीकडे व एक महिना दुसरीकडे राहण्याची पाळी.

पाळी! हा शब्द मीं प्रथम वाचला तेव्हां पुस्तक मिटून ठेवलें. माझे चुलते आठवले. चौदा एकर कोरडवाहू आणि दोन एकर विहिरीखालचें, एवढ्याचा धनी. शाळू पिकला तर वर्षभर कणगी भरलेली. पासष्टी ओलांडली आणि मुलांचीं भांडणें नकोत म्हणून त्यांनीं दोघांना वांटून दिलें. तलाठ्याकडे फेरफार झाला, साताबाऱ्यावरून नांव गेलें. चुलते म्हणाले, "आतां मला काय लागतंय? महिना ह्याच्याकडं, महिना त्याच्याकडं." सर्वांनीं वाहवा केली. जेवणावळ उठली.

वर्ष सरलें नाहीं तों मोजदाद सुरू झाली. आधीं आल्यागेल्याचा चहा बंद झाला. "तुमचे पाव्हणे, त्यांचा चहा आम्हीं कां करावा?" मग सोप्यावरची बाज गोठ्याच्या कडेला गेली, सोप्यावर नातवाचें अभ्यासाचें टेबल आलें. मग त्यांची एक कपिली गाय होती, ती विकली, "दूध घरांत येतंयच कीं, तुम्हांला वेगळी गाय कशाला?" मग तंबाखू. सोसायटीच्या यादींतून नांव गेलें होतें, त्यामुळें निवडणुकीच्या दिवसांत ओट्यावर येऊन बसणारे येईनासे झाले. ह्यांत मुलांनीं मारहाण केली नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं. प्रत्येक वेळीं प्रश्न एकच: तुम्हांला हें लागतें कशाला?

लिअरचें असेंच झालें, अक्षरशः असेंच. गॉनेरिलनें पंधरा दिवसांत शंभरांतले पन्नास लोक कमी केले. तो चिडून रीगनकडे गेला. ती म्हणाली, माझ्याकडे पंचवीसच चालतील. मग तो थोरलीकडे परत वळतो कीं, तुझे पन्नास हे पंचविसांच्या दुप्पट, म्हणजे तुझें प्रेम दुप्पट! पाहा म्हणजे, ज्यानें प्रेम नकाशावर मोजलें त्याच्यावर तें आतां डोकीं मोजून घेण्याची वेळ आली. तों थोरली विचारते, पंचवीस तरी कशाला? दहा कशाला, पांच कशाला? आणि रीगन म्हणते, एक तरी कशाला? अडतीवर लिलांव वर चढतो. हा उलटा लिलांव. तेव्हां लिअर जें बोलतो त्याचा भावार्थ असा कीं, गरजेचा हिशेब काढूं नका. भिकाऱ्याच्या झोळींतसुद्धां गरजेबाहेरचें कांहींतरी सांपडतें, आणि तेंहि काढून घेतलें तर माणसांत आणि गुरांत फरक उरत नाहीं. माझ्या चुलत्यांना हें असें बोलतां आलें नाहीं. ते फक्त म्हणाले, "गाय माझी हाक वळखायची."

एक गोष्ट येथें न सांगणें अन्याय होईल. हें नाटक पाहून पुष्कळ पुरुष मान डोलावतात कीं, पाहा, मुलींच्या हातीं मालमत्ता दिली कीं असें होतें. खोटें आहे. ह्याच नाटकांत ग्लॉस्टर नांवाच्या दुसऱ्या सरदाराचा मुलगा एडमंड आपल्या बापाचा आणि भावाचा त्याहून भयंकर घात करतो. आणि आपल्या खेड्यांत म्हाताऱ्यांची बाज गोठ्यांत कोण नेतो? मुलीच्या नांवावर जमीन होती कोठें? महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सर्व देशांत २००५ सालीं कायद्यानें वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला, तरी रक्षाबंधनाला लुगडें देऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेणारे भाऊ ह्या सभेंतहि असतील. हात वर करावयास सांगत नाहीं. शिवाय गॉनेरिलची कांहींच बाजू नव्हती असेंहि नाहीं. शंभर दांडगे लोक घरांत, रोज शिकार, दारू, आरडाओरडा. त्यांच्या भाकरी कोणी थापाव्या? म्हाताऱ्यानें आपला रुबाब ठेवला आणि खर्च मुलींच्या अंगावर टाकला. सत्ता सोडावयाची, पण तिचा थाट सोडावयाचा नाहीं, हा मूळ घोटाळा त्यानें स्वतःच करून ठेवला होता.

त्याच्या पदरीं एक विदूषक आहे. सर्व नाटकांत राजाला तोंडावर खरें सांगण्याचा मक्ता ह्या एका गड्याकडे. त्यानें अंड्याची गोष्ट काढली. अंडें मधोमध फोडून आंतला बलक खाऊन टाकला म्हणजे दोन टरफलें राहतात. राजा, तूं मुकुट मधोमध फोडून दोन्हीकडे दिलास आणि टरफलें डोक्यावर घेऊन हिंडतोस. पण ह्याहूनहि मला एक लहानसा प्रसंग मोठा वाटतो. गॉनेरिलचा कारभारी ऑस्वाल्ड समोरून जातो, लिअर हांक मारतो, तो ऐकत नाहीं. राजा गरजतो कीं, मी कोण आहें? कारभारी थंडपणें उत्तर देतो कीं, बाईसाहेबांचे वडील. काल जो देशाचा धनी तो आज अमकीचा बाप. आपल्या चावडीवर हेंच चालतें. सातबाऱ्यावर नांव असेपर्यंत रावसाहेब. फेरफार मंजूर झाला कीं अमक्याचा म्हातारा.

मग सत्ता होती कोठें? लिअरच्या अंगांत ती कधींच नव्हती. हांक मारली कीं पळत येणाऱ्या पायांत ती होती. तें पळत येणें त्याच्यासाठीं नव्हतें, जमिनीसाठीं होतें. जमीन गेली, पाय वळले. हें त्याला ऐंशीव्या वर्षीं कळलें. तुम्हांआम्हांला लहानपणींच कळतें, कारण आपण पळत येणाऱ्यांपैकीं असतों.

दोन्ही मुलींचीं दारें बंद झालीं आणि वादळांत म्हातारा माळावर सांपडला. बरोबर विदूषक आणि वेष पालटून चाकरीला राहिलेला तो हद्दपार केंट. वीज कडाडते, पाऊस झोडपतो, तो आभाळाला हुकूम सोडतो. आभाळ कोणाचें ऐकतें? एका झोंपडीच्या दाराशीं येतात. आंत जाण्याआधीं त्याला प्रथमच आठवण होते कीं, अशा रात्रीं ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीं, पोटांत घांस नाहीं, अंगावर चिंध्या आहेत, ते आपल्या राज्यांत काय करीत असतील? आणि तो कबूल करतो कीं, मीं ह्याच्याकडे फार थोडें लक्ष दिलें. ह्या ठिकाणीं नाटकगृहांतले सज्जन डोळे पुसतात. मला मात्र राग येतो. मुकुट डोक्यावर होता तेव्हां तुझ्या कोठारांत धान्य होतें, बाबा. तेव्हां हा विचार सुचला असता तर कोणाला शेर-पायली तरी मिळाली असती. आतां तुझ्या हातांत द्यावयाला काय आहे? परंतु राग आला तरी हेंहि खरें कीं, गादीवर असतां एवढें कबूल केलेला राजा मला दुसरा आठवत नाहीं. ह्याला भिजल्यावर तरी सुचलें.

त्या झोंपडींत एक नागडा वेडा लपलेला असतो. तो ग्लॉस्टरचा थोरला मुलगा एडगर. भावानें कपट केलें, बापानें पकडण्यास माणसें सोडलीं, म्हणून वेड्या भिकाऱ्याचें सोंग घेऊन जीव वांचवीत आहे. त्याच्या अंगाभोंवतीं एक घोंगडी, दुसरें कांहीं नाहीं. लिअर विचारतो, ह्यानेंहि सर्व मुलींना देऊन टाकलें काय? विदूषक म्हणतो, नाहीं, एक घोंगडी ठेवली, म्हणून आपली लाज राहिली.

सोलापूरकरहो, हें वाक्य आपल्यापेक्षां कोणाला अधिक कळावें? ताणा भरतांना, धोटा धांवतांना, किती जणांच्या अंगावर आपली चादर जाणार ह्याचा विचार आपण करतों काय? एका सरदाराच्या पोराचें नांव गेलें, घोडा गेला, बाप गेला; माणूस आणि जनावर ह्यांच्यामध्यें शेवटीं राहिलें तें विणलेलें एक कापड. त्याच्याकडे पाहून लिअर म्हणतो कीं, ह्याच्यावर रेशमाच्या किड्याचें ऋण नाहीं, मेंढीच्या लोंकरीचें नाहीं. हा खरा माणूस, आम्हीं सर्व नटविलेले. आणि तो स्वतःचे कपडे ओढून काढूं लागतो. पुढें वेडाच्या भरांत तो आणखीहि बोलतो. फाटक्या कपड्यांतून लहान दोषसुद्धां दिसतात, भरजरी झग्याखालीं सगळें झांकून जातें. न्यायाधीश आणि चोर ह्यांची जागा बदलून पाहा, कोण कोणता तें ओळखूं येणार नाहीं. वेड्याच्या तोंडीं घालून त्या मोजेवाल्याच्या पोरानें राजापुढें हें म्हणून घेतलें!

आतां मी ज्या प्रसंगासाठीं हें सारें सांगत आलों तेथें येतों. ग्लॉस्टरनें राजाला आसरा दिला, फ्रान्सहून कॉर्डेलियाची फौज येत आहे ही बातमी दडविली, असा आरोप ठेवून रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याला त्याच्याच घरांत खुर्चीला बांधतो. चौकशी नाहीं, पंच नाहींत. त्याचा एक डोळा काढतो. रीगन सांगते, दुसराहि काढ. भोंवतीं सशस्त्र गडी उभे आहेत. सगळ्यांनीं जन्मभर हुकूम ऐकलेला. त्यांतला एक पुढें येतो आणि धन्याला सांगतो, हात आवर. लहानपणापासून तुमची चाकरी केली, आणि आज तुम्हांला अडवितों हीहि चाकरीच, असा त्याच्या बोलण्याचा भाव. कॉर्नवॉल तरवार उपसतो, हाहि उपसतो. रीगनला नवऱ्याच्या जिवाचें आधीं सुचत नाहीं. तिला धक्का बसतो तो एक कुणबट असा ताठ उभा राहतो ह्याचा. ती दुसऱ्याची तरवार हिसकते आणि पाठीमागून त्या गड्याला भोंसकते. मरतां मरतां तो ग्लॉस्टरला सांगतो कीं, एक डोळा राहिला आहे, धन्याला मीं जखम केली ती पाहून घ्या. ग्लॉस्टरचा तोहि डोळा लगेच जातो. गड्याचें प्रेत उकिरड्यावर टाकण्याचा हुकूम होतो. पण कॉर्नवॉल त्या जखमेनें मरतो.

ह्या माणसाला नाटकांत नांव नाहीं. पुस्तकांत 'पहिला नोकर' एवढेंच छापलेलें असतें. तो येतो, थोडीं वाक्यें बोलतो आणि मरतो. राजाला वादळांत जें ज्ञान झालें त्यावर पंडितांनीं कपाटें भरून लिहिलें. परंतु सर्व नाटकांत जुलमाला हातानें अडविलें कोणीं? राजानें नाहीं, तो ओरडत होता. सरदारांनीं नाहीं, ते वेष पालटून फिरत होते. ज्याच्याजवळ ना जमीन ना पदवी अशा एका गड्यानें अडविलें. त्याच्याजवळ काढून घेण्यासारखें एकच होतें, हुकूम ऐकण्याची सवय. ती त्यानें स्वतःच टाकून दिली.

उरलेले दोघे नोकर काय करतात? ते त्या वेळीं गप्प राहिले, पण नंतर आंधळ्याच्या रक्ताळलेल्या तोंडाला लावण्यासाठीं जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणावयास धांवतात. पाहिलेंत? औषध तेंच, जें कोणत्याहि गरिबाच्या घरांत सांपडावें. १६०८ सालीं छापलेल्या नाटकांत हें आहे. १६२३ सालीं मोठ्या ग्रंथांत नाटक पुन्हां छापलें तेव्हां हीं नोकरांचीं वाक्यें गळालीं. कोणीं गाळलीं, कां गाळलीं, तें असो. कांटछांट करावयाची झाली कीं प्रथम कोणाचीं वाक्यें जातात, हें आपल्याला नवें नाहीं.

डोळे गेलेल्या ग्लॉस्टरला हाताला धरून बाहेर कोण नेतो? एक म्हातारें कूळ. बापाच्या वेळेपासून त्याच घराची जमीन कसत आलेलें, ऐंशी वर्षांचें. ग्लॉस्टर त्याला म्हणतो, जा बाबा, माझ्यापायीं तुला त्रास होईल. तो म्हणतो, तुम्हांला वाट दिसत नाहीं, जाऊं कसा? आणि त्या नागड्या वेड्यासाठीं आपल्या घरचा सर्वांत चांगला कपडा आणावयास जातो. ऐंशी वर्षें जमीन कसून ती त्याच्या नांवावर नाहीं. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला आणि १९५७ च्या १ एप्रिलला कसणारा मालक ठरला, तोंपर्यंत आपल्या आज्यांची स्थिति ह्याहून वेगळी नव्हती. ह्या म्हाताऱ्यालाहि नाटकांत नांव नाहीं.

आणखी एका बिननांवाच्या माणसाबद्दल सांगितलें पाहिजे, नाहींतर गरीब तेवढे चांगले असें मीं म्हटल्यासारखें होईल. लढाईंत कॉर्डेलिया हरते. ती आणि लिअर कैदेंत पडतात. एडमंड एका शिपाई नाईकाच्या हातीं चिठ्ठी देतो कीं, हें काम केलेंस तर तुझें नशीब उघडेल. तो उत्तर देतो कीं, घोड्यासारखी गाडी ओढणें आणि वाळला दाणा खाणें मला जमत नाहीं. माणसाच्या हातचें काम असेल तर करतों. चिठ्ठीबरहुकूम कॉर्डेलियाला तुरुंगांत फांस बसतो. एडमंडला मरतेवेळीं पश्चात्ताप होतो, तो हुकूम मागें घेण्यास माणूस धांवतो, पण उशीर होतो. पहिला नोकर आणि हा नाईक, दोघेहि पोटासाठीं चाकरी करणारे, दोघांनाहि हुकूम. एकानें धन्याला अडविलें, दुसऱ्यानें चिठ्ठी घेतली. ह्या दोघांच्या मधल्या फटींत सगळी राजसत्ता उभी असते. मालक एकटा कोणाचे डोळे काढूं शकत नाहीं. खुर्ची धरावयाला गडी लागतात.

आपल्या शहराला हें शिकवावें लागूं नये. १९३० सालीं ८ मेला येथें गोळीबार झाला, १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १९३१ च्या १२ जानेवारीला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्यांना येरवड्यास फांशीं दिलें. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या हुतात्मा स्मृति मंदिरांत आज नाटकें होतात. गिरण्यांतून, मागांवरून उठून त्या दिवसांत रस्त्यावर आलेल्या बाकीच्यांचीं नांवें विचारलीं तर आपण किती सांगूं?

हें नाटक मोठ्या लोकांना पचलें नाहीं, हेंहि ऐका. १६८१ सालीं नेहम टेट नांवाच्या कवीनें त्याचा शेवट बदलला. कॉर्डेलिया जगते, तिचें एडगरशीं लग्न लागतें, लिअरला गादी परत मिळते. विदूषकाला तर त्यानें हांकलूनच दिलें. दीडशें वर्षें विलायतेंत हेंच गोड नाटक चाललें. आणि तिसरा जॉर्ज वेडा झाला तेव्हां त्याच्या शेवटच्या वर्षांत, १८२० सालीं तो मरेपर्यंत, लंडनच्या रंगभूमीवर लिअर आलाच नाहीं. सिंहासनावर वेडा राजा असतां रंगभूमीवर दुसरा कशाला?

मराठींत १८८१ सालींच शंकर मोरो रानडे ह्यांनीं 'अतिपीडचरित' ह्या नांवानें ह्याचें रूपांतर केलें. १९७४ सालीं विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आला. पण घरोघरीं पोंचलें तें वि. वा. शिरवाडकरांचें 'नटसम्राट'. १९७० च्या २३ डिसेंबरला त्याचा पहिला प्रयोग झाला, श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले. २०१६ सालीं नाना पाटेकरांचा सिनेमा झाला तेव्हां तर आमच्या चाळींतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावून आल्या. शिरवाडकरांनीं राजाऐवजीं निवृत्त नट केला, राज्याऐवजीं घरदार आणि आयुष्याची पुंजी. मुलाकडे अपमान, मुलीकडे चोरीचा आळ, मग रस्ता. रस्त्यावर त्याला संभाळतो तो बूटपॉलिश करणारा पोरगा, आणि त्या पोराचें नांव राजा! ह्या एका नांवासाठीं मी शिरवाडकरांना नमस्कार करतों. पण माझी एक तक्रार आहे. नाटक घरांत आणलें तेव्हां आईबाप आणि मुलें राहिलीं, खुर्चीला बांधलेला ग्लॉस्टर गेला आणि त्याच्याबरोबर तो पहिला नोकरहि गेला. प्रेक्षक मुलांना शिव्या देत आणि आपल्या म्हातारपणाची काळजी करीत घरीं जातो. मालकापुढें उभें राहण्याचा प्रश्न त्याला पडत नाहीं.

तरी म्हातारपणाची काळजी खोटी नाहीं, म्हणून कामाची गोष्ट सांगतों. कोणाला उपयोगी पडेल. २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. साठ वर्षांवरील माणसाला मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मागतां येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यापुढें चालतो, वकील लागत नाहीं. त्याच कायद्याचें २३ वें कलम असें कीं, मला संभाळावें ह्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानें संभाळलें नाहीं, तर तें देणें रद्द करून मागतां येतें. पण अट! सुप्रीम कोर्टानें २०२२ च्या डिसेंबरांत सांगितलें कीं, अशी अट होती हें दिसलें पाहिजे. २०२५ च्या जानेवारींत दुसऱ्या खटल्यांत, मुलानें संभाळण्याचें लिहून दिलेलें होतें तेव्हां, आईनें दिलेलें बक्षीसपत्र रद्द केलें आणि कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनें मोकळेपणानें लावावा असें म्हटलें. तेव्हां बक्षीसपत्र करतांना संकोच धरूं नका. अट कागदावर लिहून घ्या. पोटच्या पोराकडून कशाला लिहून घ्यावयाचें, असें म्हणणारा माझा चुलता होता. लिअरनेंहि फक्त तोंडचें घेतलें.

आतां शेवटचा प्रवेश. लिअर मेलेल्या कॉर्डेलियाला हातांवर घेऊन येतो. तिच्या ओठांपाशीं पीस धरतो, हललें कीं काय पाहतो. राज्य कोणाचें, गादीवर कोण, ह्याबद्दल बाजूचे लोक कांहीं ठरवीत असतात. तो ऐकतहि नाहीं. त्याला गुदमरल्यासारखें होतें. गळ्याजवळचें एक बटण त्याला सुटत नाहीं. तो जवळच्या माणसाला विनवितो कीं, एवढें सोडा. आणि सुटल्यावर त्याला आदरानें हांक मारून त्याचे आभार मानतो. जन्मभर 'अरे' म्हणणारा राजा 'अहो' म्हणतो, आणि मरतो.

माझे चुलते गेले तेव्हां त्यांची पाळी धाकट्याकडे होती. मी रात्रीच्या पाळीवरून सुटून सकाळच्या गाडीनें गेलों. गोठ्याच्या कडेला बाज, वर जुनी चादर, सोलापुरीच. डोळे आंत गेलेले. लहानपणीं ज्यांनीं मला चिंचेच्या फोकानें बदडलें होतें, त्यांनीं मला ओळखलें नाहीं. हात थोडा हलविला आणि म्हणाले, "अहो पाव्हणे, तेवढी उशी सरकवतां का? लई उपकार हुतील."